बैठकीतला कापूस

आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके कपाटात लावणाऱ्या बाईने स्वतः लिहायला बसावे, हे मला अजूनही थोडे चोरून केल्यासारखे वाटते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ती पाटी खरी करणे एवढेच माझे काम, आणि ते मला जमतेही, कारण मुळात मला चारचौघांत बोलता येत नाही. तेव्हा वाचकांची आधीच क्षमा मागते. माझ्या हातून काही मोठे घडलेले नाही, मोठ्या माणसांचा सहवास लाभलेला नाही, आणि जे सांगणार आहे तो विषय तर कापसाच्या एका ढिगाचा आहे. हा ढीग आमच्या घरात राहतो, असे आम्ही पाहुण्यांना सांगत असू. वस्तुस्थिती अशी होती की आम्ही त्याच्या घरात राहत होतो.

आमचे गाव दिग्रसच्या बाजूचे. घर चार खोल्यांचे, स्लॅबचे, आणि पुढे बसायला वट्टा. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटून पांढरी झाली की आई पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करी. झाडापुढे दगड मांडून त्याला हळदकुंकू वाही, दहीभाताचा नैवेद्य दाखवी आणि उरलेला भात चारी दिशांना शिंपडी. आम्ही मुली तो दहीभात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून खात असू. आजही बाहेर कुठे दहीभात समोर आला की मी नकळत चप्पल काढून बसते, आणि मग आजूबाजूचे लोक माझ्या पायांकडे पाहतात. सीतादहीच्या दिवसापासून मात्र घराची सत्ता बदलत असे. गाठोडी येऊ लागली की आधी मागची कोठी भरे, मग बैठक. बैठकीतला दिवाण वट्ट्यावर जाई, खुर्च्या शेजाऱ्यांकडे जात, आणि भिंतीवरच्या घड्याळाखालपर्यंत कापसाची गंजी चढे. घड्याळाला किल्ली द्यायची तर ढिगावर चढावे लागे, आणि चढायला बाबांची बंदी होती. त्यामुळे हिवाळाभर आमच्या बैठकीत एकच वेळ असे.

बाबांना मनासारखा भाव हवा होता. संध्याकाळी ते रेडिओ कानाशी धरून बाजारभाव ऐकत. भाव उतरला तर म्हणत, "आता उतरला म्हंजे चढनच. थांबा जरा." चढला तर म्हणत, "चढून राह्यला ना, मंग आताच कायले इकाचा?" आणि जागचा हलला नाही तर रेडिओ बंद करून समाधानाने म्हणत, "दम धरून बसला हाये." अशा तऱ्हेने कोणत्याही बातमीने कापूस घरातच राही. त्यांची मोठी बहीण, आमची आत्या, आमच्याकडेच असे. ती वट्ट्यावरच्या दिवाणावर शाल गुंडाळून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "कापूस बैठकीत अन् मानसं वट्ट्यावर. उद्या यानं कापसाले ताटात जेवू घातलं तरी मले नवल नाई वाटनार बाप्पा."

त्या खोलीचे नियम कडक होते. पाय धुऊन आत जायचे. आत केस विंचरायचे नाहीत, कारण एक केस सापडला तरी व्यापारी नाक मुरडतो. खायचे काही नाही. उकडलेल्या तुरीच्या शेंगा हा आमचा हिवाळ्यातला सर्वांत मोठा आनंद, पण त्यांचे एक टरफलही उंबरठा ओलांडू शकत नसे. आणि दिवा, कंदील, उदबत्ती, काडेपेटी यांना तर दाराबाहेरूनच नमस्कार. हे नियम मोडण्यातच आमचे खरे बालपण, आणि माझ्या बाबतीत तारुण्यही, गेले. मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बाबा शेतात गेले की पुस्तक घेऊन गंजीत मानेपर्यंत शिरून बसत असे. आत ऊब असे, सरकीचा तेलकट वास असे, आणि मुख्य म्हणजे आवाज पोहोचत नसे. आईने मला भाकरी थापायला बोलावले आणि मी खरोखरच ऐकले नाही, असे त्या घरात केवळ कापसामुळे शक्य होते. याची किंमत खाजेच्या रूपाने द्यावी लागे. फार दिवस साठलेल्या कापसात बारीक, डोळ्यांना न दिसणारे काहीतरी होते, आणि ते अंगावर चढले की माणूस दिवसभर आपली प्रतिष्ठा सांभाळत खाजवत राही. आमच्या घरातली सगळीच माणसे बोलताना अधूनमधून एक खांदा उचलत. नव्या माणसाला वाटे, या लोकांना कशाचीच पर्वा नाही.

आणि वस्तू हरवत. आत्याचा अडकित्ता, आईची चाळणी, माझ्या चष्म्याचे घर, लसणाची एक आख्खी माळ. गंजीत गेलेली वस्तू शोधायची नाही, असाही एक नियम होता. उकरले की कापूस मळतो, म्हणून कापूस विकला जाईल तेव्हा ती आपोआप मिळेल, असे बाबा सांगत. त्या वर्षी आमची मांजर ढिगात व्याली, तिलाही बाबांनी हाच नियम लावला. ती मात्र त्यांच्याकडे एकदा पाहून पुन्हा आत शिरली.

आता ताईविषयी सांगितले पाहिजे. माझी थोरली बहीण दिग्रसच्या एका खाजगी शाळेत शिकवत होती. रोज एसटीने जाई-येई आणि संध्याकाळी घरी आली तरी तिच्या साडीची एक चुणी मोडलेली नसे. तिला पाहायला तोवर दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते आणि दोघांनाही तिने मान खाली घालून, अत्यंत नम्रपणे, नाही म्हटले होते. कारण तिने फक्त मला सांगितले. पहिला चहा बशीत ओतून बशीशीच बोलत होता, आणि दुसरा बोलताना समोरच्या कपाटाच्या काचेत स्वतःला पाहत होता. घरात समज असा पसरला की हिला कोणी पसंतच पडत नाही. मग एका नातेवाइकाने दारव्ह्याच्या गुरांच्या डॉक्टरांचे स्थळ आणले, आणि ताईने ते नाव ऐकून भाकरी करपवली. त्या रात्री तिने मला सांगितले की तिने त्यांना पाहिले आहे. शाळेमागच्या गोठ्यात ते एका आजारी गाईला तपासत होते, बाही खांद्यापर्यंत वर, आणि गाईला म्हणत होते, "झालंच हं बाई, एवढंच, झालंच." ताई म्हणाली, "गाईशी कोणी इतकं नीट बोलताना मी पाहिलं नव्हतं." हे तिने कुणालाही सांगायचे नाही म्हणून मला शपथ घातली. मला शपथ घालण्याची गरज कधीच नसे. मी तशीही कुणाशी बोलत नव्हते.

शनिवारी संध्याकाळी घरच्या फोनवर निरोप आला की पाहुणे उद्याच येत आहेत. मंडळी येणार, आणि बसायला जागा नाही. आई म्हणाली, "आतातरी इका तो कापूस." बाबा म्हणाले, "उद्या रविवार हाये, बाजार बंद." रविवारचे नाव काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद झळकला तो आईने पाहिला आणि ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आत्याने सुचवले की पाहुण्यांना वट्ट्यावर बसवू. पण मुलगी वट्ट्यावर, साऱ्या गल्लीसमोर कशी दाखवणार? शेवटी आईनेच मार्ग काढला. शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या परत आणल्या, आणि गंजीच्या उतारावर सतरंजी, तिच्यावर गादी, तिच्यावर ठेवणीतली चादर अंथरून एक बैठक केली. दिसायला ती इतकी राजेशाही दिसत होती की बाबाही दारात उभे राहून म्हणाले, "बसू नका मात्र कोनी तिच्यावर."

डॉक्टर, त्यांचे वडील आणि त्यांच्या मावशी आले. वडील खुर्चीवर बसले. डॉक्टर दुसऱ्या खुर्चीच्या कडेवर टेकले. मावशी धिप्पाड होत्या. त्यांनी खोलीवर नजर टाकली आणि थेट त्या राजेशाही बैठकीवर जाऊन बसल्या. सुरुवातीला त्या आमच्या सगळ्यांपेक्षा उंच होत्या. त्यांनी शेती किती, ओलिताची किती, असे विचारेपर्यंत त्या आमच्या बरोबरीला आल्या, आणि पोहे येईपर्यंत त्यांची हनुवटी त्यांच्या गुडघ्यांच्या रेषेत होती. पोह्यांबरोबर आईने सोल्याच्या कचोऱ्या केल्या होत्या, ओल्या तुरीच्या दाण्यांच्या, आणि बाबांच्या आयुष्यात प्रथमच त्या खोलीत खाणे चालले होते. ते जावयाला पाहतच नव्हते. मावशींच्या बशीतून पोह्याचा एकेक हळदीचा दाणा गादीच्या कडेने कापसाकडे निघाला की त्यांचे डोळे त्याच्याबरोबर खाली जात. डॉक्टरांच्या वडिलांनी त्यांना विचारले, "मग तुमचं काय मत?" बाबा म्हणाले, "डाग जात नाही हो."

डॉक्टर स्वतः काहीच बोलत नव्हते. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला चामड्याचे एक पाकीट होते आणि त्यात मोबाईल. आमच्या गल्लीत तोवर तो कुणाकडे नव्हता. गुरांच्या डॉक्टरला रात्रीबेरात्री बोलावणी येतात म्हणून त्यांनी घेतला होता. बहुधा संकोचाने, ते पाकिटाचे बटण काढत आणि पुन्हा लावत. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. ताई चहा घेऊन आली तेव्हाही टक् झाले. मग गंजीच्या आतून बारीक म्याव ऐकू आले, आणि त्यांनी मान वर करून त्या दिवसाचे त्यांचे एकमेव वाक्य उच्चारले, "मांजर व्याली आहे का?"

ताई म्हणाली, "हो. डोळे उघडायचेत अजून."

टक् करून पाकिटाचे बटण लावत ते उठले, गंजीशी वाकले, बाबांनी श्वास रोखला, आणि त्यांनी कापूस इतक्या हलक्या हाताने बाजूला करून पिलांना पाहिले की बाबांनीही श्वास सोडला. एवढाच ताईचा आणि त्यांचा परिचय. मग मावशींना उठवायला आई आणि मी अशा दोघी लागलो. उठताना त्यांनी एक खांदा उचलला, नंतर दुसरा, आणि जीपमध्ये बसेपर्यंत त्या पाठ दाराला घासत होत्या. डॉक्टरांचे वडील म्हणाले, "कळवतो." जीप वळणाआड गेल्यावर आत्या म्हणाली, "'कळवतो' म्हंजे नाईच असते वं. अन् त्या बाईले तर दारव्ह्यापरंत खाजवाले पुरन." ताई स्वयंपाकघरात गेली आणि आधीच धुतलेले कप पुन्हा धुऊ लागली. मी शेजारी उभी राहून ते पुसत होते.

दिवेलागणीला नेहमीप्रमाणे वीज गेली. आम्ही वट्ट्यावर बसलो होतो आणि बैठकीतून किर्र किर्र असा आवाज येऊ लागला. आत्या म्हणाली, "रातकिडा हाये." आई म्हणाली, "पिल्लू असन." मी दारातून आत पाहिले तर अंधारात गंजीच्या पोटातून हिरवा उजेड येत होता. कापूस आतून उजळला होता, आणि किर्र झाले की थरथरत होता. मी घाबरून बाबांना हाक मारली. ते आले, पाहिले आणि म्हणाले, "पाव्हन्याचा फोन हाये हा."

आता दिवा नेता येईना. बॅटरी होती, पण तिचे सेल बाजारभावासाठी रेडिओत होते, आणि रेडिओचे झाकण अंधारात उघडेना. आवाज थांबला तसा उजेडही मालवला. आम्ही चौघे-पाचजण काळोखात गंजीभोवती मांजरांसारखे दबा धरून बसलो. पुन्हा किर्र झाले. आई डावीकडे धावली, मी उजवीकडे. बाबा ओरडत होते, "हयू, हयू, उकरू नका, मयते कापूस!" आत्या दारातून दिशा देत होती, "वर पाहा ना वं, घडीखाली, मांजराच्या अंगानं!" तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी गेले, आणि जिच्या साडीची चुणी कधी मोडली नाही ती माझी बहीण डोक्यासकट गंजीत शिरली. बराच वेळ फक्त तिची पावले दिसत होती. मग ती कमरेपर्यंत बाहेर आली, केसांत, भुवयांत कापूस, आणि फोन तिच्या कानाला. तिचा एक गाल हिरवा दिसत होता.

पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की आम्हाला सगळे ऐकू येत होते. "डाक्टरसायेब? अजी कवाचा लावून राह्यलो मी. परसराम बोलतो, वरच्या तांड्यावरून. म्हैस अडली माही!" मागे बंजारा बोलीत बायकांचा गलका चालला होता.

"डॉक्टर इथे नाहीत," ताई म्हणाली.

"मंग तुमी कोन?"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरून बोलून राह्यल्या का? मिसेस का डाक्टरच्या?"

खोलीत मांजरीच्या पिलांचा तेवढा आवाज होता. ताईने समोर पाहिले, पण अंधारात समोर कुणीच दिसत नसावे. ती म्हणाली, "हो." आणि मग शाळेतल्या आवाजात, "घाबरू नका. ओढाताण करू नका, भोवती गर्दी होऊ देऊ नका. मी पाठवते त्यांना."

फोन बंद झाला. बाबा मटकन खाली बसले, ते थेट गंजीवर, पायातल्या वहाणांसकट. आई म्हणाली, "काय बोलली तू हे? त्यांचा अजून होकार नाई, काई नाई. साऱ्या तांड्यात बोभाटा होईन आता. अन् ते नाई म्हनले तर?"

"म्हैस अडली होती आई," ताई म्हणाली. "तेवढ्यात नातं कुठे समजावत बसू?"

पण तिचा आवाज शेवटी कापला, आणि ते आत्यालाही कळले. आत्या इतका वेळ तोंडावर पदर धरून हसत होती. ती थांबली आणि बाबांना म्हणाली, "ऊठ बाबू. पोरीनं 'हो' म्हनलं हाये. आयुष्यात पयल्यांदा. फोन लाव." डॉक्टर दारव्ह्याला भाड्याने राहत, त्या घरमालकांचा नंबर आमच्याकडे होता. बाबांनी त्यांना निरोप दिला की डॉक्टर आले की वरच्या तांड्यावर पाठवा, परसरामची म्हैस अडली आहे. तुम्हाला कसे कळले, असे घरमालकांनी विचारले असावे, कारण बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आमच्या कापसातून."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, कुणाची तरी मोटारसायकल घेऊन. अंगात कालचाच शर्ट, पँटला गवत आणि चिखल. ताई शाळेला निघाली होती, ती दाराआड थांबली. केस तिने तीन वेळा धुतले होते, तरी कानामागे कापसाचा एक पुंजका तसाच होता, आणि मला तो काढून टाकायचे धैर्य झाले नाही. डॉक्टर वट्ट्याखाली उभे राहून बाबांना म्हणाले, "परसरामने निरोप द्यायला सांगितलं आहे. वगार झाली, माय-लेकी ठीक आहेत. म्हणाला, तुमच्या... म्हणजे माझ्या..." पुढचा शब्द त्यांना येईना. त्यांचे कान लाल झाले. बाबांनी हात पुढे करून त्यांचे अभिनंदन केले, कशाबद्दल ते दोघांनाही ठाऊक नसावे.

तेव्हा आत्याने दिवाणावरून विचारले, "मावशीची खाज गेली का जी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण रात्री वडिलांचा फोन आला होता घरमालकांकडे. मावशी म्हणाल्या, ज्या घरात एवढा कापूस ठेवतात त्या घरून गाद्या तरी चांगल्या येतील." आणि दाराकडे पाहून, गाईला म्हटले होते त्याच आवाजात, "माझी काही हरकत नाही. त्यांची नसेल तर."

"तिनं तर कालच सांगून टाकलं तांड्याले," आत्या म्हणाली.

बैठक मोकळी करावीच लागली, मांडव घालायचा होता. कापूस गेल्यावर आठवड्याच्या आत भाव चढला, असे बाबा शेवटपर्यंत सांगत. तसे रेडिओवर आमच्यापैकी कुणी ऐकले नव्हते. तळाशी अडकित्ता, चाळणी आणि माझ्या चष्म्याचे घर मिळाले. लसणाच्या माळेला कोंब फुटले होते. घरी ठेवून घेतलेला थोडा कापूस पिंजून ताईच्या गाद्या भरल्या, आणि सुट्टीत मी तिच्याकडे जाते तेव्हा त्यांतल्याच एका गादीवर झोपते. पहाटे कधी कधी माझा खांदा आपोआप उचलला जातो, तो गादीमुळे की सवयीमुळे, हे मला ठरवता आलेले नाही.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. ते चामड्याचे पाकीट अजून भाऊजींच्या कपाटात आहे. गेल्या खेपेला मी ते हळूच काढले, त्यात माझा फोन घातला, बटण लावले आणि ताईच्या अंथरुणावर ते उलटे धरून हलवले. मग जोराने हलवले. मग मांजराची पिले पाहायला वाकावे तशी वाकूनही पाहिले. ताई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. भाऊजींना मी इतक्या वर्षांत एकदाच विचारले, तर ते पेपरातून डोके न काढता म्हणाले, "पडला असेल वाकताना." मला असे प्रश्न समोरासमोर विचारता येत नाहीत, लिहून मात्र येतात असे दिसते. म्हणून तुम्हालाच विचारते: बटण लावलेल्या पाकिटातून फोन आपोआप पडतो का?